ड्रायरचा व्हेंट, मशीनपासून भिंतीबाहेरच्या झडपेपर्यंत: कामाच्या नोंदी

४ जानेवारी २०२५, शनिवार

सुरुवातीला घराची माहिती लिहून ठेवते, कारण व्हेंटचं, म्हणजे ड्रायरची गरम दमट हवा घराबाहेर नेणाऱ्या पाईपचं, सगळं गणित घरावरच असतं. न्यू जर्सीतलं नव्वदच्या दशकातलं टाउनहाउस, म्हणजे रांगेत भिंतीला भिंत चिकटलेली घरं, आमचं शेवटचं युनिट म्हणून एक बाजू मोकळी. वॉशर-ड्रायर वरच्या मजल्यावर पॅसेजमधल्या कपाटात. ड्रायर इलेक्ट्रिक. ड्रायरच्या मागून पाईप भिंतीत शिरतो, सरळ वर माळ्यावर जातो आणि माळ्यावरून आडवा जाऊन मोकळ्या बाजूच्या भिंतीतून बाहेर पडतो. म्हणजे हवा बाहेर पडायच्या आधी भरपूर फिरते. ज्यांचा ड्रायर बाहेरच्या भिंतीला टेकून असतो त्यांचं काम अर्ध्या तासाचं, आमचं तसं नाही.

लक्षणं अशी. टॉवेल एका सायकलमध्ये वाळत नाहीत. बाहेर काढले की हाताला चटका बसेल इतके गरम असतात पण घडी उलगडली की आतून दमट. ड्रायरची वरची पाटी तापते. कपाटाचं दार उघडलं की दमट वाफ अंगावर येते आणि पॅसेजच्या खिडकीवर आतून पाणी धरतं. आईने तर परवा विचारलंच की इथे ओल्या गोधडीसारखा वास का येतो गं. आई-बाबा कोल्हापूरहून सहा महिन्यांसाठी आलेत, थंडीमुळे कपडे जाड, धुणं दुप्पट, म्हणून आधी जे चालून जात होतं ते आता लक्षात यायला लागलंय.

आज बाहेर जाऊन खालून भिंतीवरची झडप बघितली. ड्रायर हायवर चालू आहे आणि आडव्या पट्ट्यांची झडप जेमतेम करंगळी जाईल इतकी उघडलीय. एवढ्या थंडीत तिथून वाफेचा जाड लोट दिसायला हवा, इथे एक बारीक रेघ. हवा अडकलीय हे नक्की, कुठे ते शोधायचं.

मोजमाप म्हणून एक लोड ठरवून टाकला, पुढे प्रत्येक वेळी हाच: घरातले आठ मोठे टॉवेल, वॉशरला हाय स्पिन, ड्रायरला टाइम्ड ड्राय हाय हीट. आज पूर्ण कोरडे व्हायला ९२ मिनिटं.

५ जानेवारी, रविवार

सगळ्यात सोपं आधी, लिंटची म्हणजे कपड्यांतून सुटणाऱ्या लवीची जाळी. ती आम्ही प्रत्येक लोडनंतर साफ करतोच, पण हाताने लव काढून टाकली म्हणजे जाळी मोकळी झाली असं नसतं. ड्रायर शीट (कपडे मऊ आणि वासाचे करायला ड्रायरमध्ये टाकतात ती) वापरत असाल तर त्या शीटवरचा मेणचट थर जाळीच्या बारीक भोकांवर बसतो, डोळ्याला दिसत नाही. बघायची पद्धत सोपी आहे, जाळी नळाखाली आडवी धरायची. पाणी लगेच खाली पडलं तर ठीक, वर साचून राहिलं तर हवासुद्धा तशीच अडतेय. आमच्या जाळीवर पाणी मस्त साचलं. गरम पाणी, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश, दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने घासली आणि पूर्ण वाळवून परत लावली.

जाळी जिथे बसते त्या फटीत व्हॅक्युमचं चपटं तोंड घालून जेवढं ओढता आलं तेवढं ओढलं. ड्रमच्या आत पुढच्या बाजूला दोन धातूच्या पट्ट्या असतात, तो ओल मोजायचा सेन्सर, त्याच्यावरही तोच मेणचटपणा बसतो आणि मग ऑटो सायकल कधी लवकर बंद होते कधी होतच नाही. रबिंग अल्कोहोल कापसाला लावून पुसल्या. शीट आजपासून बंद, बायांनो आणि बाप्यांनो, शीटचा वास कितीही आवडत असला तरी कमी करा.

टॉवेल लोड परत लावला. ८८ मिनिटं. म्हणजे खरं दुखणं पुढे आहे.

११ जानेवारी, शनिवार

ड्रायर बाहेर ओढला. आधी पॅनेलमधला ड्रायरचा ३० अँपचा डबल ब्रेकर बंद केला, मग चार पिनांचा प्लग काढला. २४० व्होल्ट आहे, नुसतं मशीनचं बटण बंद करून मागे हात घालायचा नाही. आणि ज्यांचा ड्रायर गॅसचा आहे त्यांनी तर असा सरळ ओढायचाच नाही, मागचा गॅसचा लवचिक पाईप ताणला गेला की गळती, आधी तिथला व्हाल्व बंद करायचा, आणि नीट जमत नसेल तर माणूस बोलवायचा.

मागे जमिनीवर लव साचली होती ती अपेक्षितच होती, पण भिंतीवर पाईपच्या जोडाभोवती करड्या रंगाचं वर्तुळ उमटलेलं होतं. तो डाग म्हणजे जोडातून हवा इथेच कपाटात फुटत होती याचा पुरावा. मशीन ते भिंत जोडणारा पाईप चकाकत्या पातळ फॉइलचा, घड्या पडणारा, आणि ड्रायर मागे ढकलल्यामुळे मधोमध चेपलेला. चार इंचाच्या पाईपला तिथे दीड इंचाची फट उरली होती.

क्लॅम्प सैल करून तो पाईप काढला आणि वर्तमानपत्रावर उभा चिरला. हे प्रत्येकाने एकदा बघायला हवं म्हणून सविस्तर लिहितेय. प्रत्येक घडीत लिंट बसलेला, आणि एकसारखा नाही, थर थर. निळसर थर जीन्सचा, त्याच्यावर पांढरा, मग मुलाच्या लाल फ्लीसच्या ब्लँकेटचा गुलाबी पट्टा, परत करडा. मध्येच आईच्या साडीच्या काठाची सोनेरी जर, एकच धागा, त्यात गुंतलेली. चेपलेल्या जागी तर थर इतका दाबला गेला होता की नखाने खरवडून निघेना. चिमूटभर लिंट बाहेर ओट्यावर ठेवून पेटवला, काडी टेकायचा अवकाश, सगळा गेला. सुती धागे, केस, कातडीचा भुसा, सगळं सुकं, मोकळं, आणि शेजारी पाच किलोवॉटचं हीटर.

इथल्या यूएस फायर ॲडमिनिस्ट्रेशन या सरकारी संस्थेचा २००८ ते २०१० या वर्षांचा अंदाज आहे, दरवर्षी घरांमधल्या ड्रायरच्या साधारण २,९०० आगी, ५ मृत्यू, १०० जखमी, साडेतीन कोटी डॉलरचं नुकसान. आणि त्यात सगळ्यात मोठं एकच कारण, साफ न करणं, ३४ टक्के. या आगी हिवाळ्यात वाढतात आणि जानेवारीत सगळ्यात जास्त. आमच्या दोन्ही मजल्यांची भिंत शेजाऱ्यांच्या भिंतीला लागून आहे, त्यांच्याकडे दोन लहान मुलं आहेत. हे काम आता अर्धवट सोडायचं नाही हे आज ठरलं. व्हेंट पूर्ण होईपर्यंत ड्रायर फक्त मोजायला चालू करायचा आणि तोही घरात कोणी जागं असताना. धुणं बेसमेंटमध्ये दोरीवर.

१२ जानेवारी, रविवार

ब्रशचा किट आणला. तीन-चार फुटांच्या लवचिक काड्या असतात, एकमेकींत आट्याने बसतात, टोकाला चार इंचाचा गोल ब्रश, दुसरं टोक ड्रिलला. यात एक गोष्ट फार महत्त्वाची. ड्रिल फक्त फॉरवर्डला फिरवायचं, आत जाताना पण आणि बाहेर ओढताना पण. उलटं फिरवलं की काड्यांचे आटे सुटतात आणि ब्रश भिंतीच्या आत राहतो, मग भिंत फोडा. तरीसुद्धा मी प्रत्येक जोडावर इलेक्ट्रिकची टेप गुंडाळली. ड्रिलचा वेग कमी.

बाबा खाली व्हॅक्युम धरून बसले, मी ब्रश वर सरकवत गेले. थोडं पुढे, थोडं मागे, दर वेळी बाहेर काढून लिंट खाली पाडायचा. पहिल्या सात-आठ फुटांत म्हणजे भिंतीच्या उभ्या भागात एक किराण्याची पिशवी भरून निघाला. उभ्या पाईपमध्ये लिंट वर चढत नाही, हवेचा जोर कमी पडला की खाली गळतो आणि बुडाच्या वळणात साचतो, तसंच होतं.

मग वरच्या वळणाच्या पुढे ब्रश अडला. घट्ट नाही, मऊ अडला, ढकलला की मागे येतो. आणि ब्रश बाहेर काढला तर त्याचे केस ओले. मी हात थांबवला. पुढे पत्र्याचा पाईप असता तर ब्रश खरखर वाजला असता, हा आवाजच नाही म्हणजे पुढे मऊ नळी आहे, आणि मऊ नळीत फिरता ब्रश जोराने घातला की ती फाटते आणि सगळी वाफ-लिंट माळ्यावर. काडीवर टेपने खूण केली, बाहेर काढून मोजलं, वळणापासून साधारण चार फूट पुढे.

बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. ते म्हणाले, "अगं, इंजिन किती का चांगलं असेना, सायलेन्सर चोंदला की गाडी चढाला बसते. तुझं मशीन बरोबर आहे, धूर सोडायची वाट धड नाही." आज हेच खरं कळलं. मशीनला आत येणारी हवा बाहेर टाकता आली तरच ते आणखी हवा आत घेईल, नाहीतर ड्रममध्ये नुसतीच गरम दमट हवा फिरत बसते, कपडे तापतात, वाळत नाहीत.

समोरच्या घरातले म्हणतात लीफ ब्लोअर (अंगणातली पानं उडवायचं यंत्र) लावा, दोन मिनिटांत सगळं बाहेर. सरळ, छोटा, पत्र्याचा पाईप असेल आणि बाहेर जाळी नसेल तर ठीक आहे. पण आत काय आहे ते न बघता ब्लोअर लावायला माझा विरोध आहे. जोड सुटलेला असेल तर लिंट माळ्यावर उडतो, पुढे जाळी असेल तर तिथे बूच बसतो, आणि दोन्ही गोष्टी बाहेरून कळत नाहीत.

चेपलेला फॉइलचा तुकडा काढून तात्पुरता अर्धकडक ॲल्युमिनियमचा बसवला आणि टॉवेल लावले. ७१ मिनिटं. सुधारलं, पण अजून बरंच बाकी.

१८ जानेवारी, शनिवार

माळ्यावर चढले. लांब बाह्या, चष्मा, एन-९५, हातमोजे, कारण थंडी अडवायला पसरलेलं फायबरग्लासचं इन्सुलेशन अंगाला लागलं की दोन दिवस खाजतं. पाय फक्त लाकडी जॉइस्टवर म्हणजे आडव्या तुळयांवर, मध्ये पाय पडला तर खालच्या खोलीचं छत फुटतं, म्हणून आधी दोन फळ्या वर सरकवल्या. मुलगा खाली शिडी धरून, बाबा टॉर्च देतायत.

आणि तिथे ते होतं. भिंतीतून वर आलेला पत्र्याचा पाईप, त्याला वळण, आणि वळणापासून बाहेरच्या भिंतीपर्यंत पांढरी प्लॅस्टिकची स्प्रिंगवाली नळी. नुसती इन्सुलेशनवर टाकलेली. दोन ठिकाणी खाली झोळ पडलेला, आणि झोळाला हात लावला तर आत पाणी डचमळलं. उचलून बघितली तर जड. घर आधीच्या मालकांकडून घेतलं तेव्हापासूनची ही नळी, इन्स्पेक्शनमध्ये माळ्याच्या या कोपऱ्यात कोणी गेलं नव्हतं.

हे असं का होतं ते नीट लिहिते, कारण थंड प्रदेशात माळ्यावरून व्हेंट नेलेला प्रत्येकजण यात सापडू शकतो. टॉवेलचा एक मोठा लोड स्पिननंतर सुद्धा दीड-दोन लिटर पाणी घेऊन ड्रायरमध्ये जातो. ते सगळं पाणी वाफ होऊन याच पाईपमधून बाहेर पडायला हवं. माळा बाहेरइतकाच थंड, जानेवारीत शून्याच्या खाली. गरम दमट हवा त्या पातळ थंड नळीतून गेली की आतल्या अंगाला दव धरतं, दव झोळात उतरतं, उडत आलेला लिंट त्याला चिकटतो, आणि कोरडा लिंट जो कदाचित बाहेर पडला असता त्याचा ओला लगदा होतो. लगदा वाळतो, घट्ट होतो, वाट अरुंद होते, हवा मंदावते, मंदावली की आणखी दव. जाळी रोज साफ करा नाहीतर ड्रायर नवीन आणा, याच्यावर काही परिणाम नाही.

नळीचं बाहेरचं टोक आधी वर बांधलं, मग झोळ बादलीत रिकामे केले. काळसर पाणी, आंबट वास, आईला आलेला वास तोच. नळी कापून मोठ्या कचऱ्याच्या पिशव्यांत भरून खाली दिली. एका झोळात लगद्याचा गोळा बसला होता तो मी हातमोज्यातून दाबून बघितला, ओला पण पिळूनही आकार सोडेना, मधोमध बोट जाईल एवढंच भोक. त्या भोकातून आमचा सगळा संसार वाळत होता.

छताच्या आतल्या प्लायवुडवर जवळच एक ओलसर डाग आहे, बुरशी नाही, लाकूड कडक आहे. खालचं भिजलेलं इन्सुलेशन काढून टाकलं. डागाचा फोटो काढून ठेवलाय, वाळतो का बघायचं.

ड्रायर आता पूर्ण बंद. ब्रेकरला टेप लावून ठेवली, घरात चौघं-पाचजण आहेत, सवयीने कोणी बटण दाबायला नको, पाईप उघडा आहे आणि सगळी वाफ माळ्यावर जाईल.

१९ जानेवारी, रविवार

आज हिशोब आणि खरेदीची यादी.

इथल्या रेसिडेन्शियल कोडमध्ये, म्हणजे घरबांधणीच्या नियमावलीत, ड्रायरच्या पाईपचे नियम स्पष्ट आहेत आणि प्रत्येक नियमामागे लिंटच आहे. पाईप धातूचा, आतून गुळगुळीत, चार इंच व्यासाचा. मऊ नळी भिंतीत किंवा माळ्यात लपवायची नाही, फक्त मशीन ते भिंत एवढ्याच तुकड्यात चालते, तीही अखंड एकच आणि जास्तीत जास्त ८ फूट, यूएल २१५८ए लिहिलेली (यूएल ही सुरक्षिततेची मानकं ठरवणारी संस्था, पुढचा तिच्या मानकाचा क्रमांक). जोडाला घातलेला स्क्रू आत एक अष्टमांश इंचापेक्षा जास्त डोकावायचा नाही, कारण आत आलेल्या टोकावर पहिला धागा अडतो आणि त्याच्यावर बाकीचा. बाहेर उलटी हवा न येऊ देणारी झडप पाहिजे पण जाळी अजिबात नको. आणि हवा बाहेरच सोडायची, माळ्यावर किंवा घराखालच्या पोकळीत नाही.

लांबी जास्तीत जास्त ३५ फूट, पण प्रत्येक साध्या ९० अंशाच्या एल्बोमागे, म्हणजे वळणाच्या तुकड्यामागे, ५ फूट वजा. आमचा उभा भाग ८ फूट, आडवा १४, मिळून २२. दोन एल्बो म्हणजे ३५ मधून १० गेले, उरले २५. बसतं, पण काठावर. सहा इंच त्रिज्येचा गुळगुळीत लांब एल्बो घेतला तर ५ फुटांऐवजी १ फूट ९ इंचच वजा होतात, म्हणून वरचा एल्बो तसलाच घ्यायचा. थोडा महाग आहे पण माझ्या मते या सगळ्या कामात सगळ्यात सत्कारणी लागणारे पैसे तेच.

बाहेरची भिंत आमच्या सोसायटीच्या म्हणजे एचओएच्या अखत्यारीत येते म्हणून झडप बदलायची परवानगी ईमेलने मागितली, फोटो जोडले. टाउनशिपच्या बिल्डिंग ऑफिसलाही फोन करून विचारायचं ठेवलंय, तुमच्या गावाचा नियम तुम्ही तिथेच विचारा.

२५ जानेवारी, शनिवार

परवानगी आली, त्याच रंगाची झडप हवी एवढीच अट. टाउनशिपचंही विचारून झालं.

आज माळ्यावरचा पाईप. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचे पाच-पाच फुटांचे तुकडे मिळतात, ते सपाट-वळवलेले येतात, उभी शिवण एका टोकापासून दाबत गेलं की टक टक करत बसत जाते. बाबांनी पहिला तुकडा हातात घेतला आणि मला काही सांगावं लागलं नाही, गुडघ्यावर धरून अंगठ्याने शिवण बसवत गेले. ८१५२ नंबरच्या गाडीचे पत्रे ठोकलेत मी, असं काहीतरी मुलाला सांगत होते. पत्र्याच्या कडा ब्लेडइतक्या धारदार, हातमोज्याशिवाय हात लावायचा नाही.

प्रत्येक तुकड्याचं एक टोक चुण्या पाडून बारीक केलेलं असतं. ते बारीक टोक नेहमी हवा जाते त्या दिशेला, म्हणजे पुढच्या तुकड्याच्या पोटात. उलटं लावलं तर आत कडा समोरून हवेला भिडते आणि तिथे लिंट अडकतो. स्क्रू एकही नाही. जोड पुसून कोरडे केले आणि वरून यूएल १८१ ची फॉइल टेप, बोटाने घासून घासून चिकटवली. डक्ट टेप नावाने मिळते ती कापडी टेप इथे लावायची नाही, उष्णतेने तिचा गोंद वाळतो आणि वर्षा-दोन वर्षांत सुटून लोंबते.

पाईप आता इन्सुलेशनवर टाकलेला नाही, पत्र्याच्या पट्ट्यांनी राफ्टरला म्हणजे छपराच्या तिरप्या लाकडांना टांगलाय. बाहेरच्या बाजूला किंचित उतार दिला, लेव्हलवर बुडबुडा थोडासा सरकेल इतकाच, म्हणजे थोडं दव धरलंच तर बाहेर वाहील, आत झोळ नाही. वरून इन्सुलेशनची बाही चढवली, जाड, फॉइलचं कव्हर असलेली. बाही चढवणं हे पाईप जोडण्यापेक्षा जास्त वेळखाऊ निघालं, अरुंद जागेत आडवं पडून एकेक फूट ओढायची, पण थंड माळ्यावर याला पर्याय नाही.

उभा भाग भिंतीतला, तो चांगला पत्र्याचा आहे, ब्रशने परत एकदा साफ करून तसाच ठेवला. आतून टॉर्च टाकून बघितलं, चकचकीत.

१ फेब्रुवारी, शनिवार

बाहेरची झडप. ही जमिनीपासून तीन मजल्यांच्या उंचीवर आहे, तिथे शिडी लावून आम्ही चढणार नाही हे पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. शिडी आणि विमा दोन्ही असलेला माणूस बोलावला, दीडशे डॉलर घेतले, बरोबर घेतले.

त्याने खाली आणून दिलेली जुनी झडप बघण्यासारखी आहे. बाहेर तीन प्लॅस्टिकच्या पट्ट्या, त्यातली एक रंगात चिकटून कायमची बंद, आणि आत कोणीतरी चिमण्या येऊ नयेत म्हणून बारीक तारेची जाळी ठोकलेली. त्या जाळीवर लिंटची सलग चादर, उजेडाकडे धरली तर ठिपकेसुद्धा दिसत नाहीत. पक्ष्यांची भीती खोटी नाही, वसंतात स्टार्लिंग असल्या उबदार भोकांत घरटी करतात, पण त्याला उपाय नीट बंद होणारी झडप आहे, जाळी नाही.

नवी झडप एकाच झाकणाची, धातूची, चार इंची पूर्ण तोंडाची, हवा थांबली की स्वतःच्या वजनाने पडते. भोवतीच्या फटीत कॉक (फट बुजवायची लुकणासारखी पेस्ट) भरून घेतलं. पाईपचा शेवटचा जोड मी आतून टेपने बंद केला.

२ फेब्रुवारी, रविवार

मशीनच्या पोटातलं काम. प्लग काढलेला, ब्रेकर बंद. आमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल बघून पुढची पाटी उघडली, प्रत्येक कंपनीचे स्क्रू वेगळ्या जागी असतात, अंदाजाने ओढाताण करू नका, दाराच्या स्विचच्या वायरी तुटतात.

आत तळाला, मोटरभोवती, पंख्याच्या घरात लिंट. वाट चोंदलेली असली की हवा ड्रमच्या कडेच्या सीलमधून मशीनच्या आतच फुटते आणि सोबतचा लिंट हीटरच्या शेजारी जाऊन बसतो. आग लागते ती बऱ्याचदा इथून. मऊ ब्रशने मोकळा करत व्हॅक्युमने ओढला, वायरींना धक्का न लावता. पंख्याच्या पात्यांत एक हेअरपिन आणि मुलाच्या खिशातला कागदाचा गोळा.

इथेच थर्मल फ्यूज असतो, मर्यादेपेक्षा जास्त तापलं की उडतो आणि मग काही मशीन गरम होत नाहीत, काही चालूच होत नाहीत. आमचा उडालेला नव्हता. पण ओळखीत दोघांकडे वर्षाआड तो उडतो, दर वेळी दुरुस्तीवाला नवा टाकून जातो आणि मशीन परत चालू. फ्यूज बरोबर काम करतोय, तो सांगतोय की हवा बाहेर जात नाही. नुसता फ्यूज बदलून व्हेंट न बघणारा दुरुस्तीवाला आला तर त्याला थांबवून विचारा.

मशीन ते भिंत हा तुकडा अर्धकडक ॲल्युमिनियमचाच, लागेल तेवढाच कापला, क्लॅम्प दोन्ही टोकांना, आणि ड्रायर मागे सरकवताना बाबा वरून टॉर्चने बघत होते, पाईप चेपत नाही ना. मागे पाच इंच जागा सोडली, कपाटाचं दार त्यामुळे जेमतेम लागतं, लागू दे.

संध्याकाळी ब्रेकर चालू केला. आधी रिकामं मशीन, बिनउष्णतेच्या हवेवर, मी माळ्यावर प्रत्येक जोडावर हाताचा मागचा भाग फिरवत गेले, कुठे फुंकर लागते का. नाही लागली. मग टॉवेल.

४७ मिनिटं. मुलगा बाहेरून ओरडून सांगत होता, झडप पूर्ण आडवी झालीय आणि वाफेचा लोट शेजारच्या मेपलपर्यंत जातोय. आईने टॉवेल गालाला लावून बघितला आणि घडी घालायला घेतला.

विजेचं: ९२ ऐवजी ४७, म्हणजे दर मोठ्या लोडला पाऊण तास कमी. हीटर सतत चालू नसतो, मध्ये मध्ये बंद होतो, तरी प्रत्येक लोडला दोन-तीन युनिट वाचायला हरकत नाही, आठवड्याचे लोड धरले तर वर्षाकाठी पाईपचा आणि शिडीवाल्याचा खर्च बऱ्यापैकी वसूल.

१५ फेब्रुवारी, शनिवार

माळ्यावर जाऊन आले. प्लायवुडवरचा डाग वाळलाय, पाईप बाहेरून कोरडा, बाहीवर कुठे ओल नाही. काढलेल्या इन्सुलेशनच्या जागी नवीन पसरलं.

पुण्याच्या भावाने हे सगळं ऐकून विचारलं की आमच्या ड्रायरला पण असं करायचं का. त्याच्याकडे कंडेन्सर ड्रायर आहे, बाहेर जाणारा पाईपच नाही, वाफेचं पाणी होऊन टाकीत जमतं. भारतात बऱ्याच घरी आता हेच किंवा हीट पंपवाले आहेत. त्यांना व्हेंट नाही पण लिंट सुटत नाही, दाराची जाळी तर आहेच, शिवाय खालचा फिल्टर आणि कंडेन्सरच्या जाळ्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंतराने साफ करायच्या, नाहीतर लक्षणं तीच, गरम आणि ओलं. त्याने खालचं झाकण उघडून मला फोटो पाठवला. त्याच्यावर आज रात्री बोलायचंय.

अपार्टमेंटमध्ये भाड्याने राहणाऱ्यांना पाईपला हात लावता येत नाही, पण खाली उभं राहून झडप उघडते का बघता येतं, टॉवेलला किती वेळ लागतो ते लिहून ठेवता येतं, आणि मॅनेजमेंटला लेखी कळवता येतं. तोंडी नाही, लेखी, मिनिटांसकट.

१ मार्च, शनिवार

महिन्याची तपासणी. टॉवेल ४८ मिनिटं, फरक नाही. जाळी पाण्याखाली धरली, पाणी सरळ खाली.

ड्रायरच्या बाजूला मास्किंग टेपवर तारीख आणि मिनिटं लिहायला सुरुवात केलीय. ६० च्या वर गेलं की वेळ न बघता व्हेंट उघडायचा, नाही गेलं तरी वर्षातून एकदा थंडी सुरू व्हायच्या आधी ऑक्टोबरमध्ये ब्रश फिरवायचा, बाहेरची झडप दर महिन्याला खालून बघायची, जाळी दर महिन्याला साबणाने. झोपताना आणि घराबाहेर जाताना ड्रायर चालू ठेवायचा नाही, हे कितीही साफ असलं तरी. आणि आईच्या सुती साड्या, बाबांचे धोतर-लेंगे बेसमेंटमधल्या दोरीवरच, आईला तसंच हवंय आणि सगळ्यात जास्त लव त्याच कपड्यांची निघते.

समोरच्या शहाकाकांनी परवा त्यांचं कपाट उघडून दाखवलं. त्यांचा ड्रायर गॅसचा, आणि मागून तीच पांढरी प्लॅस्टिकची नळी डोकावतेय. गॅसच्या ड्रायरची वाट बंद झाली तर लिंट आणि वाफेबरोबर कार्बन मोनॉक्साइडही घरात येतो, त्याला ना रंग ना वास. त्यांना लगेच वापर थांबवायला सांगितला, आमच्याकडचा जास्तीचा सीओ अलार्म त्यांच्या पॅसेजमध्ये लावून दिला आणि त्यांचं धुणं तोवर आमच्या मशीनवर. गॅसची जोडणी लायसनवाला प्लंबर सोडवणार, तो गुरुवारी येतोय, माळ्यावरचा पाईप बाबा आणि मी करणार. पाच फुटांचे तीन तुकडे आणि एक लांब एल्बो आणून ठेवलाय.